गोव्याचे लोहखनिज : १९०६ च्या परवान्यांपासून आजच्या लिलावापर्यंत

गोव्यातल्या डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ मध्ये लोहखनिजाची खाण पुन्हा सुरू झाली. कुणाला ट्रक परत रस्त्यावर येणार याचा आनंद झाला, कुणाला धुळीची धास्ती वाटली. दोघांचीही कारणे खरी आहेत. पण रोजगार की पर्यावरण, एवढ्यावरच ही चर्चा थांबते याचे मला वाईट वाटते. डोंगरातले खनिज मुळात कोणाचे, आणि ते संपल्यावर त्याच्या बदल्यात राज्याच्या हाती काय राहणार, हा प्रश्न त्यात बाजूलाच पडतो. तो समजून घ्यायचा तर पोर्तुगीज काळापर्यंत मागे जावे लागते.

पोर्तुगालच्या सरकारने सप्टेंबर १९०६ मध्ये एक हुकूम काढून वसाहतींतल्या खाणींचे नियम ठरवले. त्याखाली गोव्यात पुढे शेकडो खाण परवाने दिले गेले, आणि त्यांना मुदतच नव्हती. ज्याच्या नावावर परवाना, त्याच्या वारसांकडेही तो चालत राही. सुरुवातीची काही दशके या कागदांना फारसे मोल नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने पोलादाचे कारखाने पुन्हा उभारायला घेतले, तेव्हा चित्र पालटले. १९५० च्या सुमारास जपानी कर्ज आणि यंत्रसामग्री आली. कुदळ-घमेल्याची जागा यंत्रांनी घेतली आणि मांडवी-जुवारीच्या पात्रांतून खनिज वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटी, म्हणजे बार्ज, मुरगावकडे जाऊ लागल्या. खाणीपासून काही किलोमीटरवर नदी आणि नदीच्या तोंडाशी बंदर, ही सोय नसती तर गोव्याचे कमी प्रतीचे खनिज जगाच्या बाजारात टिकलेच नसते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. परवाने मात्र तसेच राहिले. भारताचा खनिज कायदा लागू झाला, तरी पोर्तुगीज परवान्यांचे काय करायचे हे ठरायला १९८७ उजाडले. त्या वर्षी संसदेने कायदा करून हे परवाने रद्द केले आणि त्यांचे रूपांतर मुदतीच्या लीजमध्ये (भाडेपट्ट्यांत) केले, तेही १९६१ पासून मागे लागू करून. मुक्तीनंतर पंचवीस वर्षे वाट पाहूनही लीज गेल्या त्या जुन्याच घराण्यांकडे आणि कंपन्यांकडे. खनिज ही लोकांची मालमत्ता आहे आणि ती नव्याने, खुल्या पद्धतीने द्यायला हवी, असा विचार तेव्हा झाला असता तर पुढचे निम्मे खटले उभेच राहिले नसते, असे मला वाटते.

नव्वदच्या दशकात वर्षाला साधारण दीड कोटी टन खनिज बाहेर जात होते. मग चीन बाजारात उतरला. जपानी कारखाने ज्या मालाला नाक मुरडत, तोही चीनला चालत होता. वर्षानुवर्षे टाकाऊ म्हणून रचून ठेवलेले डंप एकाएकी विकाऊ झाले. ‘खनिज संपत चालले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. साठा किती हे जमिनीइतकेच भावावरही ठरते. भाव चढला की कालची माती आज खनिज होते आणि उपसा वाढतो. २०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे ५.४ कोटी टन माल गेला. त्यात काही कर्नाटकातलाही होता. खनिजावर सरकारला मिळणारे स्वामित्वधन (रॉयल्टी) मात्र ऑगस्ट २००९ पर्यंत टनामागे ठरावीक रुपयांत आकारले जाई. बाजार कितीही चढला तरी सरकारचा वाटा तेवढाच राही. त्यानंतर ते किमतीच्या दहा टक्के झाले.

या तेजीची किंमत कोणी मोजली, ते डिचोली तालुक्यातल्या शिरगावात दिसते. श्री लईराई देवीच्या जत्रेमुळे हे गाव सर्वांना माहीत आहे. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात पाणी झिरपू लागते, आणि खनिज काढायचे तर ते पाणी पंपाने रात्रंदिवस उपसावे लागते. गोव्यातले काही खड्डे तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. आजूबाजूच्या विहिरींना मिळणारे पाणी मग उताराने खड्ड्याकडे वळते. विहिरी आटल्या आणि जे गाव स्वतःचे पाणी पीत होते, ते टँकरवर आले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दुसरीकडे पावसाळ्यात डंपवरची लाल माती ओहोळांतून भातशेतीत उतरते. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती-दगड काढावा लागतो, आणि तो डोंगरउतारावरच रचलेला असतो. शेतावर त्या गाळाचा थर बसून वाळला की नांगर लागत नाही. सांगे-केपे भागात कावरेसारख्या गावांतले आदिवासी शेतकरी रस्त्यावर उतरले, ते यामुळे.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि खाणी थांबल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या हजारो कुटुंबांवर कुऱ्हाड कोसळली. त्यांचा दोष एवढाच, की ही तेजी टिकणारी आहे असे त्यांना सगळ्यांनी सांगितले होते.

गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला. लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, म्हणजे तेजीची ती वर्षे बेकायदा ठरली. न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आदेश तिसरा आहे: विक्रीच्या रकमेतले दहा टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकायचे. खनिज एकदाच निघते आणि पुढच्या पिढ्यांचाही त्यात वाटा आहे, ही गोष्ट गोव्यात प्रथमच पैशांच्या हिशेबात आली. दहा टक्के मला फारच कमी वाटतात. जी वस्तू पुन्हा उगवत नाही तिचा पैसा उत्पन्न समजून खर्च करणे म्हणजे घरातले सोने विकून महिना भागवणे.

पुढे राज्याने त्याच धारकांना ८८ लीजचे नूतनीकरण करून दिले, केंद्राने लिलाव सक्तीचा केला त्याच्या अगदी तोंडावर. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने तेही रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद झाल्या. दरम्यान २०१७ मध्ये, ओडिशाच्या खाणींवरील निकालात, न्यायालयाने केंद्राला खनिज धोरणाचा फेरविचार करायला लावले. २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणात खनिजे हा सामायिक वारसा असून सरकार त्याचे विश्वस्त आहे, असे स्पष्ट लिहिले गेले. गोव्यातले कार्यकर्ते आणि गावकरी अनेक वर्षे हेच सांगत होते.

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात पहिले खाणपट्टे लिलावात गेले. डिचोलीचा पट्टा वेदांता या खाण कंपनीला मिळाला, आणि २०२४ मध्ये सुरू झाली ती हीच खाण. पैशाच्या दृष्टीने लिलाव जुन्या पद्धतीपेक्षा नक्कीच बरा. पण पट्ट्यांच्या सीमा जुन्या लीजवरूनच आखल्या गेल्या, आणि त्यांच्या आत घरे, देवळे, तळी, शेते आहेत. मुळगाव, शिरगावच्या लोकांनी ती वगळण्याची मागणी लावून धरली आहे. पाण्याने भरलेले जुने खड्डे आणि डोंगरउतारावरचे डंप अजून तिथेच आहेत. ते भरून काढण्याचा खर्च कोण करणार, हे नव्या खड्ड्यांना परवानगी देण्याआधी ठरायला हवे होते.