परवचा

तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर घरातल्या मुलांनी एकत्र बसून पाढे, श्लोक, वार-महिने-नक्षत्रे आणि शाळेत झालेला पाठ पुस्तक न उघडता म्हणायचा, या पद्धतीला परवचा म्हणतात. ती महाराष्ट्रभर होती. कोकणपट्टीत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अनेक घरांत मात्र वीज आल्यानंतरही ती बराच काळ चालू राहिली. अभ्यासाच्या सवयींची चर्चा निघाली की परवच्याला घोकंपट्टी म्हणून बाजूला सारले जाते. हा तिच्यावर अन्याय आहे. रोज ठरल्या वेळी, न पाहता, दुसऱ्याला ऐकवून आठवायचे ही तिची पद्धत स्मरणशक्तीच्या अभ्यासकांनी पुढे प्रयोगांतून तपासली आणि ती उपयोगी ठरली. तिच्यात उणिवाही होत्या आणि त्या लहान नव्हत्या.

स्वरूप

गुरे गोठ्यात आली, देवापुढे आणि तुळशीपाशी दिवा लागला, की मुले हातपाय धुऊन ओटीवर नाहीतर पडवीत बसत. सुरुवात शुभंकरोतीने होई. मग सात वार, बारा महिने, सत्तावीस नक्षत्रे आणि त्यानंतर पाढे. लहानांचे दहापर्यंत, मोठ्यांचे तीसपर्यंत. ऐकणारी बहुधा आजी असे. तांदूळ निवडता निवडता तिचे कान मुलांकडे असत आणि ‘सतरा सत्ते’ला कोणी अडखळले की हात न थांबवता ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. मालवणी मुलखात ‘झिला, सतराचो पाढो म्हण बघूया’ एवढे म्हटले की चुकवाचुकवी संपली. यातल्या कित्येक आज्या शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. भाऊ परवचा म्हणत असताना ऐकून ऐकून त्यांचे पाढे पाठ झालेले असत.

‘बे त्रिक सहा, बे चोक आठ’ पासून ‘अकरा दाहे दाहोदरसे’पर्यंत पाढ्यांना स्वतःची चाल आहे आणि पाठांतराला तिची मोठी मदत होते. पावसाळ्यात ही पद्धत विशेष सोयीची पडे. कोकणात जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. वीज जाते, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी येऊन वाट बंद होते, दप्तरातली पुस्तके ओली होतात. परवच्याला यातले काहीच लागत नाही.

अपूर्णांकांचे पाढे

पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी शिकवत. औट म्हणजे साडेतीन. हे पाढे थेट बाजारातल्या हिशेबासाठी होते. समजा सुपारी साडेतीन आणे शेर आहे आणि सात शेर घ्यायची आहे. औटकी पाठ असलेला मुलगा ‘सात औट साडेचोवीस’ म्हणे, त्यातून रुपयाचे सोळा आणे वजा करी आणि एक रुपया साडेआठ आणे हे उत्तर कागदाला हात न लावता देई. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली. पुढे आणे गेले, शेर आणि पायलीच्या जागी किलो-लिटर आले आणि हे पाढे पाठ करण्याचे कारणच उरले नाही. परवच्याचा हा भाग आळसामुळे सुटला असे म्हणणे बरोबर नाही. ज्या व्यवहारासाठी तो होता, तो व्यवहारच बदलला.

लक्षात का राहते

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि ते निष्कर्ष १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. शिकलेले सुरुवातीला फार झपाट्याने निसटते, नंतर निसटण्याचा वेग मंदावतो. तेवढाच वेळ एका बैठकीत घालवण्यापेक्षा तो अनेक दिवसांत वाटून दिला तर थोड्या श्रमात जास्त टिकते, हेही त्यांना दिसले. परवच्यात ही वाटणी आपोआप होत असे.

दुसरी गोष्ट आठवण्याची. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. विद्यार्थ्यांची फसगत होते ती इथेच. धडा तिसऱ्यांदा वाचताना तो ओळखीचा वाटतो आणि येतो असा समज होतो. पेपरात मात्र ओळखीने भागत नाही, आठवावे लागते. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास वाटून करणे ही दोनच तंत्रे सर्वाधिक उपयोगी ठरली. पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळींखाली रेघा ओढणे तळाशी राहिले.

गणपतीच्या आरत्या हे याचे कोकणातले ठळक उदाहरण. वाडीतली मुले घरोघर फिरून एकामागून एक आरत्या म्हणतात, हातात पुस्तक नसते, आणि वर्षातले मोजकेच दिवस म्हटलेल्या या आरत्या जन्मभर पाठ राहतात. दरवर्षी मध्ये मोठा खंड पडतो, काही ओळी विसरतात, त्या दोन दिवसांत परत येतात आणि आधीपेक्षा पक्क्या बसतात.

उणिवा

आरत्यांतच एक खोडही दिसते. ध्रुवपदाला सगळ्यांचा आवाज टिपेला जातो, दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला चारदोघेच ऐकू येतात. एकसुरात म्हटल्याने न येणारा झाकला जातो. परवच्यातही हेच होई. जी आजी मध्येच एकाला थांबवून दुसऱ्याला पुढचे म्हणायला लावी, तिच्याच घरातली सगळी मुले तयार होत.

दुसरी उणीव क्रमाची. सतराचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्याला ‘सतरा सत्ते किती’ असे एकदम विचारले तर तो मनात ‘सतरा एके सतरा’पासून धावत येतो. यावर जुन्या पंतोजींचा उपाय उलटा पाढा आणि मधूनच विचारणे हा होता आणि तो आजही चोख आहे.

तिसरी आणि सर्वांत गंभीर उणीव म्हणजे अर्थ. परवच्यात ‘का’ विचारायला जागा नव्हती. पाढ्यांत त्याने फारसे अडत नाही. विज्ञानाची व्याख्या किंवा भूमितीचे प्रमेय मात्र न कळता पाठ केले तर प्रश्नातला एक शब्द बदलला तरी विद्यार्थी हतबल होतो.

परवचा मुख्यतः लिहित्यावाचत्या, बहुतांशी उच्चवर्णीय घरांची पद्धत होती, हेही स्पष्ट नोंदवले पाहिजे. ज्यांना शाळेपासूनच दूर ठेवले, त्यांच्या पडवीत ती कुठून येणार? पाठांतर आणि हजरजबाबीपणा मात्र कुठल्या एका जातीपुरता नव्हता. दशावतारी नटाला आख्यान तेवढे सांगितलेले असते, संवाद तो रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, बुवा समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर देतात. जाखडी या लोकनृत्यात शक्ती आणि तुरा या पक्षांचे सवाल-जवाब रंगतात. आठवण्याची आणि आठवलेले प्रसंगाला जोडून वापरण्याची ही तालीम परवच्याच्या तोडीची, किंबहुना काही बाबतींत सरस आहे. शाळांनी तिच्याकडे अभ्यास म्हणून फारसे पाहिले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आजचा वापर

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ आले आणि तेव्हापासून हा विभाग दहावीच्या निकालात राज्यात सातत्याने पहिला राहिला आहे. मार्च २०२४ च्या परीक्षेत त्याचा निकाल ९९.०१ टक्के लागला. याचे श्रेय परवच्याला देणे घाईचे होईल. उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून कोण कसा अभ्यास करतो ते कळत नाही.

दहावीच्या विद्यार्थ्याला परवच्यातून घेण्यासारखे बरेच आहे. दिवेलागणीला आधी पुस्तक मिटावे आणि त्या दिवशी वर्गात काय झाले ते वहीच्या मागच्या पानावर आठवून लिहावे. मग पुस्तक उघडून सुटलेले दुसऱ्या रंगाने भरावे. तोच भाग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने असाच आठवावा. गणिते सोडवताना एकाच प्रकरणाची सलग वीस घेण्यापेक्षा तीन प्रकरणांची मिसळून घ्यावीत, कारण कुठली रीत लावायची हे ओळखण्याचा सराव तेव्हाच होतो. सुरुवातीला हे जड जाते आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. त्या टप्प्यावर बरीच मुले पुन्हा वाचण्याकडे वळतात. निदान दोन आठवडे तरी रेटावे. एसटीच्या प्रवासात दोघांनी एकमेकांना विचारणे हाही परवचाच.

कोकणात कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा पुष्कळ आहेत. अशा शाळेत एका गुरुजींकडे किंवा बाईंकडे दोन-तीन इयत्ता असतात. तिथे चौथीच्या मुलीने दुसरीच्या मुलांचा परवचा घ्यावा. चूक पकडण्यासाठी तिला स्वतःला पाढा आडवातिडवा यावा लागतो आणि ‘असं का?’ असे लहान्याने विचारलेच, तर उत्तरही शोधावे लागते.