पाण्याकडे तोंड केलेले लेक मॅकडोनल्ड लॉज

अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, मॅकडोनल्ड सरोवराच्या पूर्व काठावर, लेक मॅकडोनल्ड लॉज आहे. मोटारीने आलेला पाहुणा आज ज्या दाराने आत जातो, ते मुळात या वास्तूचे मागचे दार होय. दर्शनी बाजू सरोवराकडे आहे, कारण 1914 मध्ये हे हॉटेल सुरू झाले तेव्हा तिथवर गाडीरस्ताच नव्हता. बेल्टन स्थानकावर रेल्वेतून उतरायचे, सरोवराच्या खालच्या टोकाला ॲपगार येथे यायचे आणि तिथून बोटीने पुढे जायचे, असा तो प्रवास होता.

या जागेवर जॉर्ज स्नायडर यांनी 1895 मध्ये एक लहान हॉटेल बांधले होते. पुढे ते कोलंबिया फॉल्स गावचे फरव्यापारी जॉन लुइस यांच्याकडे आले. 1910 मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने उद्यानाच्या पूर्वेकडे भव्य हॉटेलांची उभारणी सुरू केली. लुइस यांची जमीन मात्र उद्यानाच्या हद्दीत असूनही खासगी मालकीची होती. रेल्वेच्या तोडीची वास्तू या बाजूलाही असावी, या जिद्दीने त्यांनी स्पोकेन शहरातील नामांकित वास्तुविशारद कर्टलंड कटर यांच्याकडे काम सोपवले. बांधकामाचे सामान बोटींतून आणि हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून आणावे लागले.

कटर यांनी स्विस शाले, म्हणजे स्वित्झर्लंडमधील डोंगराळ भागातल्या लाकडी घरांची, शैली निवडली. तळमजला दगडी, वरचे मजले लाकडी, उतरत्या छपराच्या रुंद वळचणी आणि नक्षीदार कठड्यांचे सज्जे, असे तिचे बाह्यरूप आहे. खरे वैभव मात्र आतल्या दिवाणखान्यात आहे. तीन मजले उंच असलेल्या या मोकळ्या दालनाला सीडर वृक्षांचे अखंड बुंधे आधार देतात आणि त्यांची साल मुद्दाम तशीच ठेवलेली आहे. वरच्या मजल्यांचे सज्जे याच दालनाकडे उघडतात. एका बाजूला प्रचंड दगडी शेकोटी आहे, भिंतींवर शिकार केलेल्या प्राण्यांची शिंगे व मुंडकी आहेत, तर फरशीत स्थानिक आदिवासी भाषांतील वाक्ये कोरलेली आहेत. स्विस घाटाच्या इमारतीत रानातले झाड जवळजवळ जसेच्या तसे उभे करण्याचे हे धाडस मला कटर यांच्या कौशल्याची सर्वांत मोठी खूण वाटते.

1920 च्या दशकाच्या आरंभी रस्ता लॉजपर्यंत पोहोचला आणि बोटीने येण्याची गरज उरली नाही. 1930 मध्ये लुइस यांनी हॉटेल ग्रेट नॉर्दर्न रेल्वेला विकले, आणि 1933 मध्ये पर्वतरांग ओलांडणाऱ्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याचे उद्घाटन झाले. मोटारी येऊ लागल्यापासून दर्शनी बाजू मागे पडली, तरी कटर यांची मांडणी समजून घ्यायची असेल तर इमारत पाण्याच्या बाजूनेच पाहायला हवी. 1964 च्या पुराची झळ लॉजला बसली. 2018 मध्ये पलीकडच्या काठावर वणवा पेटल्यामुळे ते रिकामे करावे लागले. 1987 पासून या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे.