फ्रेंच चित्रकलेत मोटारगाडी कोणत्या वाटेने आली

पॅरिसच्या पश्चिमेचे ब्वा द बुलोन्य हे उद्यान १८५० च्या दशकात तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत नव्याने आखले गेले. १८५७ मध्ये तेथेच लाँशांचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान सुरू झाले आणि घोडागाडीतून तिथे मिरवणे हा श्रीमंत पॅरिसकरांचा परिपाठच बनला. माने आणि देगा या चित्रकारांनी शर्यतींची चित्रे रंगवली ती याच जगातली. सामान्य पॅरिसकराची सुटी मात्र रेल्वेच्या भरवशावर असे. पॅरिसच्या सें-लाझार स्थानकातून सीन नदीकाठचे आर्जांतय किंवा शातू गाठायचे, होडी वल्हवायची आणि नदीकाठी जेवायचे, असा तो बेत असे, आणि रन्वार या चित्रकाराचे १८८०-८१ मधले होडीवाल्यांच्या मेजवानीचे चित्र शातूचेच आहे.

मोटार आली ती यांपैकी पहिल्या, मिरवण्याच्या परंपरेतून. १८९४ मध्ये पॅरिस ते रुआँ ही मोटारींची स्पर्धा झाली आणि पुढच्याच वर्षी ऑटोमोबिल क्लब द फ्रान्स स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत द दिओंसारखा सरदार होता, यावरून हा छंद कोणाचा होता ते कळते. साहजिकच गाडी प्रथम व्यक्तिचित्रकारांकडे गेली. लहानपणापासून पॅरिसमध्ये राहिलेल्या ज्युलियस स्टुअर्ट या अमेरिकन चित्रकाराने १९०१ मध्ये गोल्डस्मिथ घराण्यातील दोन स्त्रियांना ब्वा द बुलोन्यमध्ये छोट्या मोटारीवर रंगवले. हे चित्र आज काँपिएन्यच्या वाहन-संग्रहालयात आहे, आणि खरे सांगायचे तर कलाकृतीपेक्षा दस्तऐवज म्हणूनच ते अधिक मोलाचे आहे. तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराच्या १८९८ च्या शिळामुद्रणात (दगडावर रेखाटून छापलेल्या चित्रात) मात्र मिश्कीलपणा आहे: जाडजूड कोटातला मोटारचालक चित्रभर पसरला आहे आणि मागे दूरवर एक स्त्री कुत्र्यासह शांतपणे चालली आहे.

इम्प्रेशनिस्टांनी, म्हणजे बदलत्या प्रकाशातले क्षणिक दृश्य टिपणाऱ्या मोने-रन्वारसारख्या चित्रकारांनी, गाडीकडे जवळजवळ पाठच फिरवली. त्यांना मोटारीचे वावडे होते असे नव्हे, कारण १९०४ मध्ये मोने मोटारीनेच माद्रिदपर्यंत जाऊन वेलास्केस या जुन्या स्पॅनिश चित्रकाराची चित्रे पाहून आला. पण त्याच्या कॅनव्हासवर त्या काळात थेम्स नदी आणि झिवेर्नीचे तळे होते.

चित्रकार स्वतः गाडीत बसून बाहेर पाहू लागला ते १९१७ मध्ये मातीस या चित्रकाराच्या, पॅरिसजवळच्या व्हिलाकुब्लेच्या रस्त्यावरील चित्रात. मुलगा पिएर गाडी चालवत होता. पुढच्या आणि बाजूच्या काचांच्या चौकटींनी दृश्याचे तुकडे पाडले आहेत आणि स्टिअरिंगला टेकवलेले त्याच दृश्याचे रेखाटनही चित्रात आहे. थाट दाखवायचे साधन असलेली गाडी येथे चित्रकाराची कामाची जागा झाली आहे.