पारा वीस अंशांनी चढतो, रसायन साडेतीनपट पळतं

नवतपात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की फ्रीजबाहेर राहिलेलं दूध दुपारपर्यंत नासतं. उष्णतेनं रासायनिक क्रियांना वेग येतो, हे कुणीही सांगेल. पण किती वेग येतो, ते गणिताशिवाय सांगता येत नाही, आणि उत्तर भलतंच निघतं.

२५ अंशांवरून ४५ वर गेलो, तर केल्विनमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर, ते २९८ वरून ३१८. म्हणजे वाढ सात टक्क्यांहूनही कमी. वायूच्या रेणूंचा सरासरी वेग तर तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे फक्त तीन टक्क्यांच्या आसपास. मग अनेक क्रिया तिप्पट-चौपट वेगानं कशा होतात?

स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियसनं १८८९ मध्ये याचा उलगडा केला. क्रियेत सगळे रेणू भाग घेत नाहीत. ठरावीक ऊर्जा, म्हणजे ॲक्टिव्हेशन एनर्जी, गाठणारेच घेतात. त्यांचं प्रमाण 'ई' (साधारण २.७१८) या संख्येच्या उणे घातांकानं मिळतं. घातांकातल्या अपूर्णांकात ही ऊर्जा वर, वायू-स्थिरांकानं गुणलेलं केल्विनमधलं तापमान खाली. ऊर्जा मोलमागे ५० किलोज्यूल धरून आकडे घाला: २५ अंशांना साधारण ५८ कोटी रेणूंत एक पात्र ठरतो, ४५ अंशांना १६ कोटींत एक. साडेतीनपट! वर्गाची सरासरी दोन-तीन गुणांनी वाढली, तरी कट-ऑफ पार करणारे एकदम कितीतरी वाढतात, तसंच हे. सरासरीकडे बघत बसलो असतो, तर काहीच हाती लागलं नसतं.

(दुधाचं प्रकरण थोडं वेगळं. तिथे जिवाणू आणि त्यांची एन्झाइम्स काम करतात. तापमान फार वाढलं की एन्झाइमची घडीच मोडते आणि क्रिया थंडावते. सूत्राला त्याचा पत्ता नसतो.)

बारावीच्या मुलांना या सूत्राचा लॉगरिदम घ्यायला लावतात, तेव्हा ती कुरकुरतात. पण खरी करामत तिथेच आहे. वेगाचा लॉगरिदम एका अक्षावर, तापमानाचा व्यस्त दुसऱ्यावर मांडला, की वाकडा आलेख सरळ रेषा होतो. रेषेच्या उतारावरून ॲक्टिव्हेशन एनर्जी मिळते, आणि न मोजलेल्या तापमानाचा वेगही काढता येतो. अर्धवाहकांतल्या, म्हणजे सिलिकॉनसारख्या पदार्थांतल्या, इलेक्ट्रॉनांचा हिशोबही याच धर्तीवर चालतो.

औषधं किती दिवस टिकतील, याच्या अंदाजामागेही हेच गणित असतं. नवं औषध ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून ते किती बिघडतं ते पाहतात. पुढे नेहमीच्या साठवणुकीतल्या मोजमापांनी तो अंदाज पडताळतात. गोळ्यांच्या स्ट्रिपवर '३० अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं ते यासाठीच. मे महिन्यात सीताबर्डीत भर उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरची डिक्की ही मर्यादा सहज ओलांडते, आणि एक्स्पायरीची तारीख काही त्या डिक्कीसाठी काढलेली नसते.