कोपराचं हाड सरकलं म्हणजे ऑपरेशनच?

‘म्हाताऱ्या माणसाचं कोपराच्या टोकाचं हाड मोडून सरकलं की ऑपरेशन हवंच, नाहीतर हात जातो,’ असं सोसायटीच्या ग्रुपवर फिरत असतं. भीती साहजिक आहे. पण त्या टोकाला जोडलेला स्नायू हात सरळ करतो. घास तोंडाशी नेणारा, हात वाकवणारा स्नायू वेगळा, तो शाबूत राहतो. म्हणून सांधा जागेवर असेल तर 70-75 पुढच्या बऱ्याच जणांचं थोडे दिवस झोळी आणि लवकर सुरू केलेली हालचाल यावर भागतं. खुर्चीला रेटा देऊन उठताना जोर कमी पडतो, हे खरं. पण ऑपरेशनमध्ये हाड जोडायला घातलेल्या ताराही पातळ कातडीला टोचतात, कधी त्या काढायला पुन्हा ऑपरेशन लागतं.

जखम उघडी, सांधा निखळलेला किंवा बोटं बधिर असतील तर मात्र थांबू नका. एरवी बाजूने काढलेला एक्स-रे घेऊन पालिका रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत विचारा: सांधा जागेवर आहे का, आणि ऑपरेशनने यांच्या रोजच्या कामात नेमका काय फरक पडेल?