तांबोशीच्या पोटाकडचे खवले

वेंगुर्ल्याच्या घरी, अंगणात मी तांबोशी माशाचं एक शिल्प उभं केलं होतं. लांबी १ मीटर. अंग जुन्या घराच्या सागवानी तुळईचं, खवले तांब्याच्या पत्र्याचे, खिळे लोखंडी. खाली जांभ्याचा चिरा आणि त्यात सिमेंटने रोवलेली लोखंडी सळई. दिवाळीनंतर काम पुरं झालं, गोकुळाष्टमीच्या सुमाराला खवले गळायला लागले. गळत होते ते पोटाकडचे, जिथे पावसाचा थेंबही थेट पडत नव्हता. पाठीवर दोन महिने पाऊस कोसळला, तरी तिथले खवले शाबूत होते.

गळलेला एक खवला उचलून पाहिला. तांबं जवळजवळ जसंच्या तसं, कडेला जरासं हिरवं जंगाल. खिळ्याचं डोकं मात्र गायब. भोकाभोवती नारिंगी भुकटी तेवढी उरलेली. लाकडावर खिळ्याभोवती काळं कडं उमटलं होतं. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की असा काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंडापासून पूर्वी शाई करत, ती याच रसायनाने.

खिळा खाल्ला कोणी? तांब्यानेच. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि दोघांवर मिळून खाऱ्या पाण्याचा थर असला, की त्यांची बॅटरी तयार होते. लोखंड इलेक्ट्रॉन सहज सोडतं, तांबं सोडत नाही. मग लोखंड झिजत जातं आणि तांबं त्याच्या जिवावर टिकतं. आकाराचा हिशेबही इथे महत्त्वाचा. तांब्याचा पत्रा मोठा आणि लोखंडाचं डोकं मसुराएवढं, म्हणजे सगळा मारा त्या एवढ्याशा डोक्यावर.

खारं पाणी येतं वाऱ्यातून. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण पाणी शोषून आपणहून विरघळतो, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या वरच असते. पाठीवरचं मीठ पावसाने धुतलं जात होतं. पोटाकडचं तिथेच साचून ओलं राहत होतं. किनाऱ्यावरच्या शिल्पात आधी झाकलेली, आडोशाची बाजू तपासावी, हे मी तेव्हा शिकलो.

ही गोष्ट दर्यावर्दी लोकांना फार पूर्वीच कळली होती. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. १७६३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा बरेच लोखंडी खिळे सडलेले निघाले. काही मात्र चांगले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्या कागदाचा तुकडा या खिळ्यांच्या डोक्याखाली अडकून राहिला होता. एका कागदाने दोन धातूंना वेगळं ठेवलं होतं! मला हा दाखला फार आवडतो, कारण सगळा उपाय त्यातच आहे. आपल्याकडे ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात. तिथे जस्त स्वतः झिजतं आणि बाकीचा धातू वाचवतं.

दुसऱ्या खेपेला मी तांब्याला तांब्याचेच खिळे वापरले. लोखंड टाळता येत नव्हतं तिथे ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टील घेतलं. त्यातलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम मिठाशी झुंजतं. नेहमीच्या ३०४ वर किनाऱ्याला तपकिरी डाग लवकर येतात. बोल्टखाली नायलॉनचा वायसर आणि भोकात नायलॉनची नळी घातली. कापड किंवा दोरा घालू नये, तो पाणी धरून बसतो. रंग द्यायचाच तर तांब्यालाही द्यावा. नुसतं लोखंड रंगवलं आणि त्यावर एक चरा पडला, तर सगळा मारा त्या चऱ्यावर येतो.

दुसरा घोळ लाकडाचा होता. कल्ल्याजवळ अंगाभोवती मी तांब्याचा पट्टा गच्च आवळला होता. पावसाळ्यात त्याची रिव्हेट तुटली. आधी मी उन्हाला दोष दिला. पण गणित मांडलं तर १ मीटर तांबं आणि १ मीटर लोखंड ३५ अंशांनी तापलं, तरी दोघांच्या वाढीतला फरक ०.२ मिमीसुद्धा भरत नाही. लाकडाचं तसं नाही. सागाच्या ३० सेंमी रुंद फळीत पाण्याचं प्रमाण ८ टक्क्यांनी वाढलं, तर ती रुंदीत ४ मिमीच्या वर फुगू शकते. लांबीत मात्र जवळपास हलत नाही. कोकणात शिल्पाचा खरा वैरी दमटपणा आहे, उन्हाचा नंबर त्याच्या खूप मागे लागतो.

लाकडाला फुगू नको म्हणून सांगता येत नाही, त्याला जागा ठेवावी लागते. जुन्या दारांत सुतार फळी खाचेत मोकळी बसवतात, ती याचसाठी. आणि खुद्द माशाचा खवला? तो पुढच्या टोकाला कातडीत रुतलेला असतो, मागचं टोक मोकळं. छपरावरची कौलंही एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. मी खवल्याच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकले होते! आता प्रत्येक खवला एकाच खिळ्यावर आहे, पुढचा खवला त्या खिळ्यावर येतो, आणि पट्ट्याची भोकं लांबट केली आहेत.

राहिला चिरा. जांभा सच्छिद्र, पाणी आत झिरपतंच. सळई गंजली, गंजाने लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतली, आणि चिऱ्याला उभी भेग गेली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायात शिसं ओतल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दगड आणि लोखंड यांच्यामध्ये शिसं ओतायची रीत जुनी आहे. शिसं मऊ, दबतं, आणि लोखंडापर्यंत पाणी जाऊ देत नाही. शिसं विषारी, म्हणून घरी मी त्याच्या वाटेला गेलो नाही. स्टेनलेसची सळई घेतली आणि भोक चिऱ्याच्या आरपार पाडलं, म्हणजे आत आलेलं पाणी खालून निघून जातं. वरची फट सिलिकॉनने बुजवली. सिलिकॉन घेताना वास पाहावा: व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते तांब्याजवळ वापरू नये, त्यातलं आम्ल तांबं खातं.

पाऊस सरला की मीठ धुणारं कोणी नसतं. म्हणून दसऱ्यापासून आगोटीपर्यंत, म्हणजे पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत, दर आठवड्याला तांबोशीला गोड्या पाण्याने आंघोळ असते, आणि पाइप धरायचा तो खालून, पोटाकडे.