‘डब्ल्यू. जर्मनी’ लिहिलेली फुलदाणी निजामाच्या काळातली नव्हे

बुडाशी परदेशी शिक्का आणि आकडा असला की ती फुलदाणी निजामाच्या काळातली आणि लाखमोलाची, असा समज आपल्याकडे जुन्या वस्तूंच्या बाजारात घट्ट बसलाय. संभाजीनगर असो की नांदेड, त्या भरवशावर घरचे पैसे अडकवणारी माणसं पाहून जीव तुटतो, म्हणून हा खुलासा.

तारखाच बघा. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला १७ सप्टेंबर १९४८ला. पश्चिम जर्मनी हा देश अस्तित्वात आला मे १९४९मध्ये. मग ‘डब्ल्यू. जर्मनी’ (म्हणजे ‘वेस्ट’, पश्चिम जर्मनी) लिहिलेली वस्तू निजामाच्या दिवाणखान्यात कुठून असणार? लाव्हा ओघळल्यासारखा जाड, खडबडीत थर असलेल्या या फुलदाण्या बहुतेक १९६०-७०च्या दशकांतल्या. शॉयरिखसारख्या कारखान्यांनी साच्यातून काढलेल्या. दिसायला सुंदरच, पण दुर्मीळ नव्हेत.

आणि तो आकडा? ‘२७१-२२’ म्हणजे २७१ नंबरचा साचा, उंची २२ सेंटिमीटर. साल नाही, राजवाड्याचा नोंद क्रमांकही नाही. पट्टी लावून बघा.

झिलईवरच्या केसासारख्या रेषाही वयाचा पुरावा नाहीत. माती आणि झिलई कमी-जास्त आकुंचन पावली की नव्या भांड्यावरही त्या उमटतात.

वस्तू खरंच शंभर वर्षं जुनी निघाली, तर १९७२चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत.